आउटबोर्डचे बोल्ट सुटते ठेवायचे तर

पहिलं इंजिन घेतल्यानंतरच्या तिसऱ्या डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागच्या संगमाबाहेर माझ्या आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बसवायच्या इंजिनाची, पाण्याची धार थांबली. चालू इंजिनातून मागच्या बाजूला जी बारीक धार पडत असते, ती थंडाव्याचं पाणी फिरत असल्याची खूण. ती थांबली की इंजिन ताबडतोब बंद करायचं, एवढं मला माहीत होतं. वल्ही मारत कर्लीच्या खाडीत परत आलो. कारण साधं निघालं: पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, संपला होता. नवा इंपेलर घरी होता आणि तो बदलायला तासभर पुरतो. पण त्यासाठी खालची गियरकेस, म्हणजे पंख्याजवळची गियरांची पेटी, उतरवावी लागते आणि ती चार बोल्टांवर असते. दोन सुटले, तिसऱ्याचं डोकं पान्यात आलं, चौथा जागचा हलला नाही. तासाभराच्या कामाला पाच दिवस लागले, लेथवाल्याकडे दोन खेपा झाल्या आणि बांगड्याचा चांगला आठवडा किनाऱ्यावर बसून गेला.

इंजिनाची निगा मी राखत नव्हतो असं नाही. गियर ऑइल वेळेवर बदलत होतो, बाहेरून पुसत होतो. फक्त ते चार बोल्ट तीन वर्षांत एकदाही उघडले नव्हते, कारण उघडायचं कारणच पडलं नव्हतं. आज नवी होडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: समुद्रावरचा बोल्ट जुना झाला म्हणून जाम होत नाही, तो बरेच दिवस न हलवल्यामुळे होतो. पुढे लिहिलं आहे ते २ ते १५ अश्वशक्तीच्या छोट्या आउटबोर्डसाठी आहे. घरच्या मासेमारीला, खाडीत गळ टाकायला किंवा पर्यटक फिरवायला ज्यांनी नुकतीच फायबरची होडी घेतली आहे त्यांनी ते पहिल्या महिन्यातच करायला घ्यावं.

तांबडा गंज आणि पांढरा लोणा

गंज म्हटलं की आपल्याला तांबडा रंग आठवतो. आउटबोर्डवर तो दिसतोही, साध्या लोखंडाच्या वॉशरवर किंवा स्प्रिंगवर. पण गियरकेसचा बोल्ट अडकवणारा गंज बहुतेक वेळा पांढरा असतो. चिऱ्याच्या भिंतीला लोणा लागतो तशी पांढरी, भुसभुशीत पूड बोल्टाच्या डोक्याभोवती दिसायला लागली, की आत काय चाललं आहे ते ओळखावं.

इंजिनाचा सांगाडा आणि गियरकेस अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूची असते, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. हे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारं पाणी शिरलं की तिथे छोटा विद्युत घट तयार होतो. त्या व्यवहारात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस शाबूत राहतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे वीज वाहायला ते पाणी फार सोयीचं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. बोल्ट आणि भोक यांच्यातली केसाएवढी फट ती ठासून भरते, आणि मग बोल्ट फिरत नाही. म्हणून "स्टेनलेसचे बोल्ट आहेत, गंजणार नाहीत" हा दिलासा अर्धाच खरा. बोल्ट चकचकीत राहतो, पण ज्यात तो बसला आहे ते भोक सडतं.

साध्या लोखंडाचा बोल्ट असेल तर तांबडा गंज तेच काम करतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो.

यावरचा सगळा उपाय एका गोष्टीत आहे: दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरू द्यायचं नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ती ताक आणि पितळ यांची गाठ पडू नये म्हणून. आट्यांना लावलेलं ग्रीस तेच करतं. कल्हई पुन्हा पुन्हा लावावी लागते, तसं ग्रीसही.

आधी सामान जमवा

पाने चांगले घ्या. १०, १२, १३ आणि १४ मिलिमीटरचे रिंग पाने आणि सहा कोनी गोटी पाने एवढ्यावर छोट्या इंजिनाचं बहुतेक काम होतं. बारा कोनी गोटी घट्ट बोल्टावरून घसरते आणि डोकं गोल करते, म्हणून सहा कोनीच घ्या. फिरता पाना या कामात वापरू नका. शक्य असेल तर छोटा टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जास्त आवळल्याने जातात आणि नवशिक्याला हाताचा अंदाज नसतो.

जपानी इंजिनांवरच्या स्टार स्क्रूंबद्दल एक सांगायला हवं. दिसायला ते आपल्या नेहमीच्या स्टारसारखेच असतात, पण खाचेचा आकार थोडा वेगळा असतो. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ते ओळखू येतात. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच खराब होते. या स्क्रूंसाठी जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस खुणेचा ड्रायव्हर मिळतो. तो एक घेऊन ठेवा.

ग्रीस मरीन ग्रीस म्हणूनच मागा. पाण्याने धुऊन न जाणारं ग्रीस लागतं. गाडीच्या चाकाचं साधं ग्रीस काही आठवड्यांत पांढरं पडून निघून जातं. तांब्याची भुकटी घातलेली पेस्ट गॅरेजवाले सायलेन्सरच्या बोल्टांना लावतात, आणि ग्रॅफाइटचं काळं ग्रीसही सगळीकडे मिळतं. ही दोन्ही अ‍ॅल्युमिनियमवर खाऱ्या पाण्यात वापरू नका. तांबं आणि ग्रॅफाइट यांच्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची झीज उलट वाढते. चांगल्या हेतूने लावलेल्या काळ्या ग्रीसखाली खड्डे पडलेलं भोक मी पाहिलं आहे.

डब्ल्यूडी-४० सारखा फवारा जवळ असावा, पण त्याची मर्यादा ओळखून. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं. ओलं झालेलं सुकवायला तो चांगला. महिनोन्महिने टिकणारा थर देणं हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी मेणासारखा किंवा लॅनोलिनचा थर सोडणारे मरीन फवारे येतात. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फासायची पद्धत बऱ्याच बंदरांवर आहे. ती सोडून द्या. त्यात आम्ल आणि काजळी असते, वाळू चिकटते, रबरी भाग फुगतात आणि उरलेलं सगळं खाडीत उतरतं.

याशिवाय नायलॉनचा आणि तारेचा एक एक ब्रश, चिंध्या, आणि एक वही.

पायरी १: नवं इंजिन आलं की बोल्ट उघडून ग्रीस लावा

कारखान्यातून इंजिन येतं तेव्हा सगळ्याच बोल्टांना पुरेसं ग्रीस असेल याचा भरवसा धरू नका. इंजिन समुद्रात उतरवण्याआधी किंवा पहिल्या काही फेऱ्यांतच हे काम करा, तेव्हा बोल्ट लोण्यासारखे सुटतात. इंजिन वॉरंटीत असेल तर पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. सेकंडहँड इंजिन घेतलं असेल तर पैसे देण्याआधी गियरकेसचा एक बोल्ट उघडून दाखवायला सांगा. मालकाची निगा कशी होती ते त्या एका बोल्टावरून कळतं.

यातली महत्त्वाची युक्ती अशी, की एका वेळी एकच बोल्ट काढायचा. काढा, पुसा, ग्रीस लावा, परत बसवा, ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि मगच पुढच्याकडे जा. असं केल्याने आतलं गॅस्केट जागचं हलत नाही, गियरकेस खाली उतरत नाही, आणि ज्याने आयुष्यात इंजिन उघडलेलं नाही त्यालाही हे काम निर्धास्त करता येतं.

कोणते बोल्ट? सर्वांत आधी गियरकेस लेगला, म्हणजे इंजिनाच्या खाली पाण्यात उतरणाऱ्या खांबाला, जोडणारे, कारण इंपेलर दर एक-दोन वर्षांनी बदलायचाच असतो. मग थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेच्या, झाकणाचे. ते छोटे, बहुधा ६ मिलिमीटरचे असतात, आणि तिथे उष्णता व खारं पाणी दोन्ही असल्याने तेच सर्वांत लवकर अडकतात आणि सर्वांत सहज तुटतात. मग एक्झॉस्टच्या बाहेरच्या झाकणाचे, जस्ताचे तुकडे (त्यांच्याबद्दल पायरी ३ मध्ये) धरणारे, पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर असलेल्या छोट्या फिनचा, स्टिअरिंगच्या सांध्याचे आणि वरचं कव्हर अडकवणाऱ्या खटक्यांचे.

ग्रीस फक्त आट्यांना लावून भागत नाही. गियरकेसचा बोल्ट लांब असतो आणि आटे फक्त टोकाला असतात. वरचा गुळगुळीत दांडा लेगच्या भोकातून जातो आणि पुष्कळदा तो दांडाच अडकलेला असतो. म्हणून दांड्याला आणि डोक्याखालीही पातळ थर द्या. पण आंधळ्या भोकात, म्हणजे जे आरपार नाही अशा भोकात, ग्रीस ठासू नका. बोल्ट आत जाताना त्या ग्रीसला बाहेर यायला वाट मिळाली नाही तर दाबाने ओतीव भागाला तडा जाऊ शकतो.

बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके बसत आहेत. काढा आणि पुन्हा सुरुवात करा. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला कोरड्या बोल्टापेक्षा जास्त ताणला जातो. इंजिनाच्या पुस्तिकेत कोरड्या आट्यांचा आकडा दिला असेल तर साधारण पाव हिस्सा कमी धरा. टॉर्क पाना नसेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी पाना डोक्याजवळ, आखूड धरून आवळा, टोकाला धरून नाही.

आता काही ठिकाणी ग्रीस लावायचंच नसतं, तेही ध्यानात ठेवा. फ्लायव्हीलचा शंकूसारखा दांडा स्वच्छ आणि कोरडाच हवा. तिथे तेलाचा अंश राहिला तर फ्लायव्हील घसरून त्याला जागेवर धरणारी छोटी चावी तुटते. सिलिंडर हेडचे आणि इंजिनाच्या आतले बोल्ट नवशिक्याने सोडवूच नयेत. काढलेल्या बोल्टाच्या आट्यांवर निळा किंवा लाल वाळलेला थर दिसला तर ते लॉक करणारं द्रव आहे, बोल्ट कंपनाने सुटू नये म्हणून लावलेलं. तो पुसून ग्रीस लावू नका. पुस्तिकेत सांगितलेलं तेच द्रव पुन्हा लावा, त्यानेही आट्यांत पाणी शिरत नाही. स्पार्क प्लगलाही काही लावायची गरज नाही. हल्लीच्या प्लगांच्या आट्यांवर मुलामा असतो आणि वंगण लावलं की ते जास्त आवळले जातात. ते महिन्याला एकदा सोडवून परत बसवा, तेवढं पुरे.

पायरी २: प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी

रोजच्या निगेत यापेक्षा मोठं काही नाही. फेरी संपवून इंजिन नुसतं वर उचलून ठेवलं, तर आत राहिलेलं पाणी सुकतं आणि मीठ मागे उरतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर. मिठाचा हा खडा थर्मोस्टॅटच्या आसपास आणि पंपाच्या घरात बसतो, तिथल्या बोल्टांना घेरतो.

घरी दोनशे लिटरचं पिंप असेल तर काम सोपं. इंजिन घोडीवर किंवा भक्कम फळीवर आवळा, लेग पिंपात सोडा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली जाईल एवढं पाणी भरा. गियर न्यूट्रलला ठेवा, शक्यतो पंखा काढून ठेवा. मोकळ्या हवेत, इंजिन मंद ठेवून दहा मिनिटं चालवा. धार पडतेय ना ते बघत राहा. पाच मिनिटांत आटोपू नका. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडं पाणी त्याच्या पलीकडे पोचत नाही. थंडाव्याच्या पाण्यावाचून मात्र इंजिन क्षणभरही सुरू करायचं नाही. कोरड्या फिरणाऱ्या इंपेलरची पाती लगेच जळतात.

काही इंजिनांना पाइप जोडायची वेगळी तोटी असते. तिथे इंजिन बंद ठेवून पाणी सोडायचं की चालू ठेवून, ते पुस्तिकेत पाहा. सगळ्यांचं सारखं नसतं.

पिंपातलं पाणी दोन-तीन वेळा वापरलं की तेच खारं होतं. चाखून बघा. आणि विहिरीचंही चाखा! खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मचूळ पाण्याने धुतलेलं इंजिन धुतल्यासारखं वाटतं खरं, पण मीठ आतच राहतं. माझ्याकडे पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी टाकीत भरून ठेवलेलं असतं, ते मी इंजिनासाठीच राखतो.

बाहेरून धुताना लेग, होडीला पकडणारा क्लॅम्प, स्टिअरिंगचा सांधा यांवर भरपूर पाणी सोडा. वरच्या कव्हरच्या आत मात्र पाइप मारू नका, तिथे वायरी आणि कार्बोरेटर आहेत. आतला भाग ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या आणि मग बोल्टांच्या डोक्यांवर फवारा मारा. धुऊन झालं की इंजिन थोडा वेळ उभंच ठेवा, तिरकं नाही. उभं ठेवलं की लेगमधलं पाणी निथळून जातं.

ज्यांची होडी रोज पाण्यातच नांगरलेली असते, त्यांना हे रोज जमणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान लेग पूर्ण वर उचलून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा इंजिन काढून पिंपात चालवावं. छोटं इंजिन दोघांना सहज उचलता येतं.

पायरी ३: महिन्यातून एकदा, तासभर

इंजिन होडीच्या मागच्या फळीवर आवळणारे दोन मळसूत्री स्क्रू सर्वांत आधी बघा. एकदा आवळले की ते वर्षानुवर्षं कोणी सोडवत नाही, आणि मग उधाण येणार म्हणून इंजिन काढून घरी न्यायचं ठरतं तेव्हा ते फिरत नाहीत. महिन्यातून एकदा पूर्ण सैल करा, पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. हे करताना इंजिन सुरक्षा दोरीने किंवा साखळीने होडीला बांधलेलं असू द्या.

मग पंखा. स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट सोडवा, पंखा ओढून बाहेर घ्या. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावा. तिथे गळाची किंवा जाळ्याची तंगूस गुंडाळलेली असेल तर ती कापून काढा, नाहीतर ती सील कापते आणि गियर ऑइलमध्ये पाणी शिरतं. स्प्लिट पिन वाकवून वाकवून कमजोर झाली की नवी घाला, आणि घ्यायची ती स्टेनलेसचीच.

तिसरं काम जस्ताच्या तुकड्यांचं. गियरकेसवर, क्लॅम्पच्या खालच्या पट्टीवर असा एक किंवा अधिक करडा तुकडा बसवलेला असतो. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमऐवजी आपण झिजायचं, हे त्याचं काम. तो झिजत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. निम्मा झिजला की बदला. महिने गेले तरी तसाच नवाकोरा दिसत असेल, तर तो इंजिनाच्या धातूला नीट टेकलेला नाही. काढा, बसायची जागा पॉलिश पेपरने घासून उघडी करा आणि परत आवळा. त्या तुकड्याला रंग कधीही लावू नका. रंग लावलेला तुकडा निरुपयोगी असतो, आणि रंगरंगोटीच्या भरात ही चूक दरवर्षी कोणीतरी करतं.

समुद्रात जस्त चालतं. खाडीत, जिथे भरतीला खारं आणि ओहोटीला गोडसर पाणी असतं, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा जास्त चांगला. मॅग्नेशियमचा तुकडा फक्त नदी-तळ्याच्या गोड्या पाण्यासाठी असतो, समुद्रात तो फार लवकर विरघळतो. होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा रंग मारत असाल, तर तो इंजिनाच्या लेगला लागू देऊ नका.

पायरी ४: मे संपता संपता, ऑगस्टमध्ये नाही

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बहुतेक जण मेच्या अखेरीस इंजिन उतरवतात, पडवीत ठेवतात, प्लास्टिक गुंडाळतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की उघडतात. दुरुस्तीची रांग तेव्हाच लागते. मी हे काम मेमध्ये करतो आणि त्याला कारण आहे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेलाही ओलं होतं. कोकणात जून-जुलैत हवा दिवसरात्र त्याहून दमट असते. म्हणजे मेमध्ये न धुता ठेवलेल्या इंजिनावरचं मीठ दोन महिने एकदाही सुकत नाही. इंजिन पडवीत निवांत पडलेलं दिसतं, पण त्याच्या प्रत्येक फटीत खारं पाणी भरलेलं असतं. चालू हंगामात निदान रोजचं ऊन तरी मिळतं.

म्हणून शेवटच्या फेरीनंतर दोनदा पिंपात चालवा, दुसऱ्यांदा ताज्या पाण्यात. गियर ऑइल बदला. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलं आहे. मग पायरी १ मधला प्रत्येक बोल्ट, त्याच पद्धतीने, एका वेळी एक. गियरकेसचे बोल्ट मात्र या वेळी सगळे काढून ती पूर्ण खाली उतरवा, इंपेलर बघा, पंपाच्या घराचे बोल्टही ग्रीस लावून बसवा. भोकांत पांढरी पूड दिसली तर नायलॉनच्या ब्रशने काढा. रंग उडून अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं असेल तिथे घासून प्रायमर आणि रंग लावा.

प्रत्येक बोल्ट कुठला, किती मापाचा, कधी उघडला आणि कसा सुटला, हे वहीत लिहा. "थर्मोस्टॅट, खालचा डावा, जड गेला" एवढं लिहिलेलं असलं तरी पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्याकडे आधी वळता. कुठलाही बोल्ट एका वर्षी जड गेला, तर पुढच्या खेपेला त्याला वर्षभर थांबायला लावू नका.

ठेवताना इंजिन घोडीवर उभं ठेवा. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून जुनी चादर किंवा खालून उघडं राहील असं कापड पुरतं. त्याच खोलीत ब्लीचिंग पावडर, खताची पोती किंवा खारवलेली मासळी ठेवू नका. ब्लीचिंग पावडरीतून सुटणारा क्लोरीन बंद खोलीत धातूला फार लवकर खातो.

नवे बोल्ट घेताना

तुटलेल्या बोल्टाच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला काळा किंवा पिवळसर मुलाम्याचा बोल्ट घालू नका. एका हंगामात तो तांबडा होतो. पितळेचाही नको, अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं आणखीच वाईट जमतं.

स्टेनलेसच्या बोल्टाच्या डोक्यावर ए२-७० किंवा ए४-७० अशी खूण असते. ए२ म्हणजे साधारण ३०४ जातीचं स्टील, ए४ म्हणजे ३१६ जातीचं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राच्या मिठाला ते जास्त दाद देत नाही. मागताना ए४ मागा. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३१६" असं दाखवेल. त्यावर विसंबू नका. ३०४ देखील बहुधा चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाने साधं लोखंड वगळता येतं, या दोन जातींतला फरक कळत नाही. डोक्यावर खूण नसेल तर बोल्ट परत ठेवा.

लांबी जुन्या बोल्टाएवढीच हवी. चार मिलिमीटरने जास्त लांब बोल्ट आंधळ्या भोकाच्या तळाला टेकतो. आवळल्यासारखा वाटतो पण झाकण सैल राहतं. आणि स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचाच नट असेल तर ग्रीस लावून, हळू फिरवा. कोरडे आणि भरभर फिरवले तर त्यांचे आटे एकमेकांत घट्ट चिकटून बसतात आणि मग कापूनच काढावे लागतात.

आधीच जाम झालेला असेल तर

जोर लावण्याआधी वेळ द्या. आत झिरपणारं तेल सकाळ-संध्याकाळ लावा, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या, असं दोन-तीन दिवस. ठोक्यांनी पुडीला बारीक भेगा पडतात आणि तेल आत जातं. मग पाना लावा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा. हलला की पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल घाला, पुन्हा पाव फेरा. एकदम फिरवून काढायचा मोह आवरा. बहुतेक बोल्ट सुटायला लागल्यानंतरच तुटतात, कारण पूड आट्यांत गोळा होते आणि तो पुन्हा धरतो.

एवढ्याने भागलं नाही तर उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त आणि साध्या लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक बोल्टापेक्षा मोठं होतं. तापवायचा तो बोल्टाभोवतीचा भाग, बोल्ट नव्हे. घरच्या घरी सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे किटलीभर उकळतं पाणी, फडकं गुंडाळून हळूहळू ओतलेलं. गियरकेसच्या बोल्टांना ते अनेकदा पुरतं. न पुरल्यास हीट गन. ती लावण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी दूर न्या, कार्बोरेटर रिकामा करा, लावलेलं तेल पुसून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. ब्लो टॉर्चची उघडी ज्योत इंजिनाजवळ नको.

डोकं तुटलंच तर तिथेच थांबा. उरलेल्या बोल्टात सोडवणारा एक्स्ट्रॅक्टर घालून पिळायला जाऊ नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. बाकीचे बोल्ट काढून झाकण किंवा गियरकेस वेगळी झाली तर बहुधा बोल्टाचा थोटका भाग बाहेर राहतो. तो पकडीच्या पान्यात धरून, तापवून फिरवता येतो. बाहेर काहीच उरलं नसेल तर तो भाग लेथवाल्याकडे न्या. तो नेमकं मध्यावर ड्रिल करेल, भोक मोठं करून नवे आटे पाडेल आणि त्यात हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तयार गुंडाळी, बसवून देईल. त्या आट्यांत नवा बोल्ट घालतानाही ग्रीस लावा आणि वहीत त्याच्यापुढे खूण करा. गुंडाळीची तार स्टेनलेसची असते, आणि तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच आहे.